पगारातून दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या २०० रुपयांचं मूळ बहात्तरच्या दुष्काळात आहे

महाराष्ट्रात नोकरीला लागल्यावर पहिली सॅलरी स्लिप हातात येते. त्यात पीएफच्या आसपास एक बारकी ओळ असते, प्रोफेशन टॅक्स २०० रुपये. फेब्रुवारीत त्याचे ३०० होतात आणि वर्षाचे भरतात २,५००. रक्कम इतकी किरकोळ की तिच्यावर कुणी डोकं लावत नाही. महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर माफ आहे, बाकी बहुतेकांचा तो गुपचूप कापला जातो.

मराठीत त्याला व्यवसाय कर म्हणतात. १९७५ मध्ये महाराष्ट्राने हा कर लावला तो एका ठरावीक कामासाठी. खेड्यातला जो माणूस हाताला काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने उचलायचा. ही झाली रोजगार हमी योजना, लोकांच्या तोंडी रोहयो. तिचा पुढे कायदा झाला आणि नंतर सगळ्या देशाला तसा कायदा करावा लागला.

हा कायदा आला कसा, याची दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे वि. स. पागे यांच्या डोक्यातून, आणि दुसरं म्हणजे खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मोर्च्यांतून. दोन्ही खरी आहेत. पण पहिलं सगळ्यांना पाठ असतं आणि दुसरं फारसं सांगितलं जात नाही.

खडी, सुकडी आणि मिलो

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर बहात्तरच्या दुष्काळाचा विषय काढून बघा. १९७०, ७१ आणि ७२ अशी लागोपाठ तीन वर्षं पावसाने दगा दिला. त्या काळी महाराष्ट्रातली नव्वद टक्क्यांहून जास्त शेती पावसावर अवलंबून होती, त्यामुळे नगर, सोलापूर, बीड, औरंगाबाद, सांगलीचा पूर्व भाग सगळीकडे एकच हाल. जुनी माणसं आजही सांगतात की तेव्हा विहिरीच्या तळाला प्यायला पाणी मिळायचं, पण घरात दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. तिच्या भाकरीची चव आठवून अजूनही लोक तोंड वाकडं करतात.

सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्त्यावर माती टाकायची, नालाबांध घालायचे, पाझर तलाव खणायचे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा होती साधारण ५ कोटी. म्हणजे म्हातारेकोतारे, तान्ही पोरं आणि शहरातली माणसं सगळी धरूनही दर दहा माणसांमागे एक जण सरकारी कामावर होता. त्यात भूमिहीन मजूर होते तसे दहा-वीस एकरांचे शेतकरीही होते. एरवी ज्या घरच्या बायका उंबरठा ओलांडत नसत त्या डोक्यावर पाटी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कामावर पोषण म्हणून सुकडी वाटली जायची. तिच्यावर वाढलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे.

जगभरातल्या अभ्यासकांनी नंतर या कामांचं कौतुक केलं, कारण एवढ्या भीषण टंचाईतही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत. ते श्रेय वसंतराव नाईकांच्या सरकारला आणि तेव्हाच्या प्रशासनाला द्यायलाच हवं.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी चौकट होती. इंग्रजांनी १८८० च्या दशकात दुष्काळाचे नियम बनवले. किती आणेवारी लागली की टंचाई जाहीर करायची, मग कामं कशी काढायची, मजुरी किती द्यायची, आणि पाऊस पडला की कामं कधी बंद करायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असायचं. कुणी उपाशी आहे की नाही हे सरकार ठरवणार, काम सुरू करायचं की नाही हेही सरकारच ठरवणार. मजुराला तिथे बोलायला जागा नव्हती. काम म्हणजे सरकारची मेहेरबानी.

एका ठिकाणी आलेली माणसं

झालं असं की या कामांमुळे एक गोष्ट घडली जी सरकारच्या हिशोबात नव्हती. एरवी शेतमजूर विखुरलेला असतो. एकाच्या बांधावर दोन, दुसऱ्याच्या मळ्यात चार. त्यांची संघटना बांधणं महाकठीण, कारण मालक रोज समोर असतो आणि उद्याचं काम त्याच्याच हातात असतं. दुष्काळी कामावर मात्र पाचशे, हजार, दोन हजार माणसं एकाच तलावावर, एकाच मुकादमाखाली, एकाच दराने राबत होती. मालक एकच, सरकार. आणि तक्रारीही सगळ्यांच्या सारख्याच. मजुरी कमी पडते, ती दोन-दोन आठवडे थकते, मापात मारलं जातं, रेशन वेळेवर येत नाही.

लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट यांच्या कार्यकर्त्यांनी हे बरोबर हेरलं. कामांच्या ठिकाणी सभा सुरू झाल्या. संप झाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, हजारोंचे मोर्चे निघाले. संगमनेरचे कॉम्रेड दत्ता देशमुख यांच्यासारखे नेते दुष्काळ आणि पाण्याचा प्रश्न आकडेवारीसह मांडत होते. त्यांचा मुद्दा असा की दुष्काळ निवारण पुरेसं नाही, दुष्काळ निर्मूलन पाहिजे. नुसती खडी फोडून घेऊ नका, पाणी अडवणारी कामं काढा. त्याच वेळी मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर महागाईच्या विरोधात लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढत होत्या. धान्याचा भडकलेला भाव हा शहर आणि खेडं दोघांचाही प्रश्न होता.

१९७३ ला पाऊस झाला आणि नेहमीप्रमाणे कामं बंद होऊ लागली. पण तीन वर्षं सरकारी कामावर राबलेल्या माणसाला एक गोष्ट कळून चुकली होती. सरकार मनात आणलं तर ५० लाख लोकांना काम देऊ शकतं. मग दुष्काळ नसलेल्या वर्षी, पेरणी आणि काढणीच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत का देऊ शकत नाही? दुष्काळी मजुराची मागणी इथे बदलली. आधी ती मजुरी वाढवण्याची होती, आता ती कामाच्या हक्काची झाली.

पागे योजना

आता वि. स. पागे यांच्याकडे येऊ. विसापूर, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. गांधी-विनोबांच्या विचारांत वाढलेला माणूस. ग्रामीण विकासावर एवढा पैसा खर्च होतो, पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्यापर्यंत तो जात नाही, हे त्यांच्या मनात घोळत होतं. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात, आपल्याच विसापूर भागात, त्यांनी एक प्रयोग करून घेतला. गावातल्या ज्याला काम हवं त्याला गावाच्या जवळच विकासाचं काम द्यायचं, एवढीच कल्पना.

हा प्रयोग पुढे वाढवत १९७२ मध्ये सरकारने राज्यभरासाठी योजना जाहीर केली. पण तेवढ्यात दुष्काळाने सगळं गिळलं. टंचाईची कामं एवढी मोठी झाली की योजना बाजूला पडली, आणि दुष्काळ ओसरल्यावर १९७४ पासून तिने खऱ्या अर्थाने उचल घेतली. "मागेल त्याला काम" हे तिचं ब्रीद. (पुढे "मागेल त्याला शेततळे" वगैरे योजना आल्या, त्यांचं नाव याच शब्दांवरून घेतलेलं.)

कल्पना तयार होती आणि तिची मागणी करणारे लाखो लोक नुकतेच संघटित झाले होते. या दोन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. पागेंचा प्रयोग दुष्काळाशिवाय तालुक्यापुरता राहिला असता अशी शंका घ्यायला जागा आहे. आणि पागेंनी आधीच आराखडा करून ठेवला नसता, तर मोर्च्यांच्या हाती मजुरीच्या दरवाढीपलीकडे काय लागलं असतं हाही प्रश्नच आहे.

शहराने पैसे द्यायचं का मान्य केलं?

योजना जाहीर करणं सोपं, पैसा कुठून आणणार? १९७५ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी वेगळे कर लावले. नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर. विक्रीकर आणि मोटार वाहन करावर अधिभार. बागायत जमिनीवर जादा आकारणी. शहरातल्या बिगर निवासी इमारतींवर कर. या करांतून जेवढे पैसे जमतील तेवढेच राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे, असा नियम. सगळ्यात जास्त भार अर्थातच मुंबईवर आला.

मुंबईच्या आमदारांनी आणि कारखानदारांनी हे का चालवून घेतलं? एक कारण अगदी व्यवहारी होतं. दुष्काळात खेडी सोडून माणसांचे लोंढे मुंबई-पुण्याकडे आले होते. गावातच काम मिळालं तर ते थांबतील, हे शहराला पटलं.

आणि खेड्यातल्या बड्या बागायतदारांनी तरी विरोध का केला नाही? मजुराला सरकारी काम मिळालं तर तो शेतावर जास्त मजुरी मागणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रोहयोची कामं मुख्यतः शेतीचा हंगाम नसताना निघायची, तोवर मजूर गावात टिकून राहायचा. शिवाय पाझर तलाव झाला की खालच्या विहिरींना पाणी वाढायचं, रस्ता झाला की ऊस बाहेर काढायला सोपं. आणि विहिरी असायच्या कुणाच्या? काही अभ्यासकांनी तर ऐंशीच्या दशकात लिहिलं की गरिबांच्या नावाने निघालेल्या या योजनेचा टिकाऊ फायदा जमीनवाल्यांच्याच पदरात पडतो. हा आक्षेप पूर्ण खोटा नव्हता. पुढे सांगलीतल्या मजुरांनी त्यावरच बोट ठेवलं, ते येईलच.

थोडक्यात, ज्याला त्याला यात स्वतःचा काही ना काही लाभ दिसत होता. म्हणून जेव्हा कायदा आला तेव्हा तो दोन्ही सभागृहांत एकमताने पास झाला.

कायद्यात काय होतं?

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा. आणीबाणी उठलेली, दिल्लीत जनता सरकार आलेलं आणि राज्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, तोवर वसंतदादांचं सरकार जाऊन शरद पवारांचं पुलोद सरकार आलं होतं. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४१ आहे. राज्याने ऐपतीप्रमाणे कामाचा हक्क मिळवून द्यावा, असं ते सांगतं, पण ते कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही. महाराष्ट्राने त्या कलमाला आपल्या हद्दीत कायद्याचं बळ दिलं.

ग्रामीण भागातला कुणीही प्रौढ माणूस, बाई असो की पुरुष, जो अंगमेहनतीचं काम करायला तयार आहे, त्याने नाव नोंदवायचं आणि काम मागायचं. १५ दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, तो सुरुवातीला होता दिवसाला निदान १ रुपया. नवीन काम काढायला किमान ५० मजूर हवेत. खर्चाचे ६० टक्के मजुरीवर गेले पाहिजेत, म्हणजे यंत्रं लावून काम उरकायचं नाही. कंत्राटदार चालणार नाही. बाई आणि पुरुषाला कामाचा दर एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर.

दिवसांची मर्यादा मात्र नव्हती. वर्षात कितीही दिवस काम मागा.

आणि कोण गरीब हे ठरवायला कुणी अधिकारी बसवलेला नव्हता. ना दारिद्र्यरेषेचं कार्ड, ना उत्पन्नाचा दाखला. उन्हात बसून दगड फोडायची तयारी हाच पुरावा. ज्याला गरज नाही तो आपोआपच येणार नाही. कठोर वाटेल, पण लाभार्थ्यांच्या याद्यांमध्ये जी वशिलेबाजी चालते ती इथे मुळातच टळली.

खरी मारामारी फॉर्मवर

कायदा झाला म्हणजे काम मिळालं असं समजणारे लोक तलाठ्याला भेटलेले नसतात.

काम मागायचं तर नमुना ४ चा अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. पोच मिळाली की १५ दिवस मोजायला सुरुवात. मग यंत्रणेने शोधलेला उपाय साधा होता, अर्ज घ्यायचाच नाही. फॉर्म संपलेत, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या सोमवारी या. किंवा अर्ज घ्यायचा पण पोच द्यायची नाही. पोच नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्ताही नाही. कागदोपत्री त्या तालुक्यात कुणाला कामाची गरजच नसते.

मग पुढची काही वर्षं राज्यभरातल्या शेतमजूर आणि आदिवासी संघटनांचं निम्मं काम काय होतं? शे-दोनशे माणसं घेऊन तहसीलदार कचेरीत जायचं, सगळ्यांचे अर्ज एकदम टाकायचे आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. ऐकायला किती रटाळ वाटतं! पण हमी प्रत्यक्षात कशी मिळते ते हेच.

शहादा भागात, जो तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि आता नंदुरबारमध्ये आहे, १९७२ पासून श्रमिक संघटना भिल्ल शेतमजुरांमध्ये काम करत होती. अंबरसिंग सुरतवंती हे तिथलं मोठं नाव. सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनी आणि सालगड्यांची पिळवणूक या प्रश्नांवर ती उभी राहिली होती. तिथल्या बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली तो लढाही याच काळातला. अशा भागात रोहयोचा अर्थ वेगळा होता. सरकारी कामाचा पर्याय हातात असला की सालगडी मालकाशी बोलताना मान वर करू शकत होता. डहाणू-जव्हारच्या पट्ट्यात १९७८ पासून कष्टकरी संघटनेनेही वारली आदिवासींसोबत हा कायदा असाच वापरला.

मापाचा प्रश्न तर रोजचाच. मजुरी दिवसावर नसून कामावर ठरायची. किती घनमीटर माती खणली, जमीन मुरमाड की खडकाळ, माती किती लांब टाकली यावर दर. माप घेणार ज्युनिअर इंजिनिअर आणि ते लिहिणार त्याच्या वहीत. दिवसभर राबून हातात किमान वेतनाच्या निम्मे पैसे पडायचे आणि का पडले ते कळायचं नाही. म्हणून संघटनांनी अक्षरओळख नसलेल्या मजुरांना टेप धरून लांबी, रुंदी, खोली कशी गुणायची ते शिकवलं. टेप धरणाऱ्या बाईपुढे चुकीचं माप लिहिणं अवघड जातं.

बायकांचं प्रमाणही सांगायला हवं. रोहयोच्या कामावर सुरुवातीपासून चाळीस टक्क्यांच्या आसपास बायका असायच्या. घराजवळ काम, पुरुषाएवढाच दर आणि मुकादमाच्या मर्जीची गरज कमी. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, एकट्या बायकांना याचा आधार किती होता हे दुष्काळी तालुक्यांत कुणालाही विचारावं. पाळणाघरं मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. झाडाला लुगड्याची झोळी बांधून बायका माती वाहत राहिल्या.

तलाव आम्ही खणला, पाणी कुणाचं?

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप चिघळला आणि हजारो कामगार गावी परतले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातही आले. हा तालुका पागेंच्या तासगावला लागूनच. दुष्काळी भाग, शेतात काही नाही, म्हणून हे गिरणी कामगार रोहयोच्या कामावर खडी फोडायला गेले.

आता या लोकांना युनियन माहीत होती. गावातल्या मजुरांबरोबर मिळून त्यांनी संघटना बांधली. डॉ. भारत पाटणकरांच्या पुढाकाराने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. त्यांनी आधी नेहमीच्याच मागण्या केल्या, काम द्या, मजुरी द्या. पण मग त्यांनी विचारायला सुरुवात केली की वर्षानुवर्षं आम्ही खडीच का फोडतोय? एवढ्या मजुरीत गावाचा दुष्काळ कायमचा हटेल अशी कामं का निघत नाहीत? आणि तलाव बांधून झाला की पाणी फक्त खालच्या जमीनवाल्याला का?

म्हणजे दत्ता देशमुखांच्या काळातला दुष्काळ निर्मूलनाचा मुद्दा मजुरांनी स्वतःच्या बुद्धीने पुढे नेला होता. तालुक्यातून येरळा नदी वाहते, खरं तर पावसाळ्याशिवाय ती वाहत नाहीच. तिची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं की थोडी वाळू आपण विकायची आणि त्या पैशातून नदीवर स्वतःचं धरण बांधायचं. सरकारी परवानगीसाठी झगडा झाला, काही अभियंत्यांनी आराखड्याला मदत केली, बाहेरून विद्यार्थी श्रमदानाला आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पाणीवाटपाचं तत्त्व असं की पाणी जमिनीच्या मालकीवर नाही, माणसाला मिळेल. ज्याला जमीन नाही त्यालाही हिस्सा.

समन्यायी पाणीवाटप हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात पुढे रुळला, त्याची एक मुळी इथे आहे, रोहयोच्या खडीच्या ढिगाऱ्यात.

मग हे गाडं अडलं कुठे?

१९८८ मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं आणि रोहयोचा दर किमान वेतनाशी बांधलेला असल्याने तोही दुप्पट झाला. मजुरांचा केवढा मोठा विजय. पण लगेच रोहयोवरची हजेरी कोसळली, काही वर्षांत निम्म्यावर आली. अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की गरज कमी झालेली नव्हती. दर वाढल्यावर खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी यंत्रणेने नवी कामंच काढणं कमी केलं. वर कायदा तोच, हमी तीच, आणि खाली फॉर्म संपलेत.

त्यात योजनेचा तोंडवळाही बदलत गेला. १९९० पासून रोहयोच्या पैशातून फळबाग लागवड सुरू झाली. शेतकऱ्याने आंबा, डाळिंब, बोर लावायचं आणि खड्डे खणण्यापासूनच्या मजुरीला सरकारने अनुदान द्यायचं. कोकणातला हापूस आणि सोलापूर-नाशिककडची डाळिंबं जी पसरली त्यात या योजनेचा मोठा वाटा आहे, आणि छोट्या शेतकऱ्याला तिने हात दिला हेही खरं. पण ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्याच्यासाठी असलेला पैसा असा जमीनवाल्याकडे वळला, असं म्हणणारेही होते आणि त्यांचं चूक नव्हतं.

बोगस मस्टरचा रोग तर जुनाच. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं, मुंबईत नोकरीला असलेल्यांच्या अंगठ्यांचे ठसे. तालुक्यातल्या अनेक पुढाऱ्यांची राजकारणातली पहिली कमाई मस्टरवरची, असं गावात उघड बोललं जायचं. जिथे संघटना जागी होती तिथे चोरी कमी व्हायची, कारण खरा मजूर कामावर हजर असायचा आणि यादी वाचून दाखवा म्हणायचा.

आणि सॅलरी स्लिपवरचे ते पैसे? कर जमत राहिला. घटनेच्या कलम २७६ नुसार माणसामागे वर्षाला फक्त २५० रुपये व्यवसाय कर घेता यायचा, १९८८ मध्ये ती मर्यादा २,५०० वर गेली, तीच आजतागायत आहे. नोकरदार वाढले तशी वसुली वाढली, रोहयोचा खर्च मात्र त्या वेगाने वाढला नाही.

दिल्लीने काय उचललं आणि काय वगळलं

२००० नंतर देशभरात दुष्काळ आणि भूक यांवरून पुन्हा आंदोलनं पेटली. राजस्थानात मजुरांच्या संघटनांनी आधी माहितीच्या अधिकारासाठी लढा दिला होता, तेच लोक आता रोजगाराचा हक्क मागत होते. एवढा मोठा कायदा चालेल का, असा प्रश्न आला की महाराष्ट्रात चालवून दाखवलाय हे उत्तर तयार असायचं. २००५ च्या उन्हाळ्यात रोजगार अधिकार यात्रा १० राज्यांतून फिरली. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा पास केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशभर लागू झाला. दिल्लीत त्याचं पुढे काय काय झालं ती वेगळीच गोष्ट.

या कायद्याचा मसुदा महाराष्ट्राच्या कायद्याशेजारी ठेवून वाचला तर ओळखीच्या खुणा दिसत राहतात. १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. ५ किलोमीटरच्या आत. मजुरीवर किमान ६० टक्के. कंत्राटदाराला मज्जाव. पाणी, सावली, पाळणाघर. काही गोष्टी नव्याने आल्या, जसं की सामाजिक अंकेक्षण, म्हणजे सगळा हिशोब गावासमोर वाचून दाखवणं. मस्टरवरच्या मेलेल्या माणसांचा अनुभव होताच.

एक गोष्ट मात्र दिल्लीला जाताना गळाली. महाराष्ट्रात कामाच्या दिवसांना मर्यादा नव्हती आणि हक्क प्रत्येक प्रौढ माणसाचा होता. केंद्राच्या कायद्यात तो कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस झाला. घरात नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं असतील तर चौघांत मिळून १०० दिवस.

केंद्राचा कायदा आल्यावर २००६ मध्ये महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्यात दुरुस्ती केली, पण तो रद्द केला नाही. पहिल्या १०० दिवसांचा पैसा केंद्राच्या योजनेतून घ्यायचा आणि १०१ व्या दिवसापासूनची मजुरी राज्याने द्यायची, असं ठरलं. ती मिळवायलाही तेच करावं लागतं, नमुना ४ भरायचा, ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारीख घातलेली पोच घेऊनच बाहेर पडायचं.